'विद्युत-मासेमारी', 'मत्स्यगणना' आणि नदीचा 'उतार'

विचारणा : मोठ्या नद्यांतील माशांच्या पाहणीचा एक अहवाल मराठीत लिहायचा आहे. पाण्यात वीज सोडून मासे तात्पुरते बधिर करायचे, जाळ्याने उचलायचे, जात, लांबी आणि वजन नोंदवून परत नदीत सोडायचे, अशी इलेक्ट्रोफिशिंगची पद्धत आहे. तिला 'विद्युत-मासेमारी' म्हणावे का? हाती आलेल्या आकड्यांना 'मत्स्यगणना' म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद : 'मासेमारी'तल्या 'मारी'ची अडचण वाटू नये. मासे मारणे म्हणजे मासे पकडणे हा अर्थ मराठीत पुरता रुळलेला आहे. अडचण वेगळीच आहे. विजेचा झटका देऊन मासे पकडण्याचा बेकायदा उद्योग अनेक ठिकाणी चालतो आणि हा शब्द वाचताच वाचकाला तोच आठवेल. तक्त्यांत 'विद्युत-पकड' लिहावे, म्हणजे 'तासागणिक पकड', 'पाचशे मीटरमागे पकड' असे शब्दही त्याच घरातले मिळतात. ओघात मात्र 'विजेने मासे धरून केलेली पाहणी' असे सरळ लिहिणे बरे.

'बधिर' या एका शब्दावर सगळा भार टाकू नये. स्पंदित दिष्ट प्रवाहाच्या, म्हणजे ठरावीक अंतराने तुटत एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, क्षेत्रात सापडलेला मासा आधी धनाग्राकडे, म्हणजे विजेच्या धन टोकाकडे, वळतो, इच्छा नसताना त्याच्या दिशेने पोहत जातो आणि जवळ पोहोचल्यावर गुंगीत जातो. प्रवाह फार तीव्र असेल तर त्याचे स्नायू ताठरतात. 'ओढ', 'गुंगी' आणि 'ताठरणे' हे तीन शब्द तीन अवस्थांसाठी राखून ठेवावेत, कारण इजेचा मुद्दा त्यांतल्या शेवटच्या अवस्थेशी जोडलेला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीतल्या रेनबो ट्राउट माशांच्या 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेकांच्या कण्याला झालेली इजा क्ष-किरणांत दिसली होती. स्पंदांची वारंवारता कमी ठेवण्याकडे आज कल आहे तो यामुळेच. 'झटका' हा शब्द या तिन्ही अवस्था झाकून टाकतो.

'गणना' हा शब्द मात्र नकोच. लहान ओढ्यात दोन्ही टोकांना जाळी लावून, तोच भाग पुन्हा पुन्हा पालथा घालून, घटत्या पकडीवरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. मोठ्या नदीत पाणी असे कोंडता येत नाही. तेथे होडीच्या पुढच्या टोकापुढे दांड्यांवरून धनाग्रे पाण्यात सोडलेली असतात आणि त्यांचा परिणाम साधारण दोन-तीन मीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. त्यामुळे काठचे मासे हाती लागतात आणि मुख्य पात्राच्या तळाशी राहणारे निसटतात. शिवाय मोठ्या माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत विभवांतर (विजेच्या दाबातला फरक) जास्त पडते, म्हणून तो लहान माशापेक्षा लवकर गुंगतो. पाण्याची विद्युतवाहकता आणि गढूळपणा बदलला की पकडही बदलते. अमेरिकेतील ओहायो नदीवरील पाहणीत काठालगतचे 500 मीटरचे पट्टे रात्री तपासतात, कारण अंधार पडल्यावर बरेच मासे उथळ पाण्यात येतात. तोच पट्टा दुपारी तपासला तर आकडा वेगळा येईल. अशा आकड्याला 'नमुना' म्हणावे आणि त्यावरून काढलेल्या प्रमाणाला 'सापेक्ष विपुलता'.

विचारणा : अहवालात 'मोठी नदी' रुंदीवरून ठरवलेली नाही, पाण्यात उतरून, चालत पाहणी करता येत नाही ती मोठी. मग 'उतार नसलेली नदी' म्हणता येईल का? नदी पायी ओलांडता येत असेल तर 'नदीला उतार आहे' असे आपण म्हणतोच.

प्रतिसाद : शब्द अस्सल आहे आणि मोहही पडतो, पण त्याच अहवालात पात्राचा 'उतार' मीटर-किलोमीटरच्या हिशेबात येणार, आणि 'उतार नसलेली' वाचून वाचक संथ, सपाट नदी डोळ्यांपुढे आणील. पहिल्या उल्लेखात 'पायी पार करता न येणारी नदी' असे सांगून पुढे नुसते 'मोठी नदी' लिहावे.

विचारणा : आणि 'मत्स्यसमूह'?

प्रतिसाद : एकत्र पोहणाऱ्या माशांच्या झुंडीला तो शोभतो. येथे विषय एका जलभागात नांदणाऱ्या सगळ्या जातींचा आहे, तेव्हा 'मत्स्यसमुदाय'. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी 1981 साली मांडलेला, माशांवरून नदीचे आरोग्य जोखणारा जैविक अखंडतेचा निर्देशांक जातींची संख्या, प्रदूषण सोसणाऱ्या व न सोसणाऱ्या जातींचे प्रमाण, त्यांचा आहार आणि माशांवरील व्यंगे या सगळ्यांना गुण देतो. 'समूह' लिहिले तर हे गुण नेमके कोणाला दिले, हेच वाचकाला कळणार नाही.