जुन्या डॅटसनला टोयोटा पिकअपचे कॅलिपर: कोणी बसवलेत का?

उतारावरचा झेड

मंडळी, माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४०झेड आहे. इंजिन आणि सस्पेन्शन मनासारखं झालंय, ब्रेक तेवढे मागे राहिलेत. पुढे मूळच्याच सपाट डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना पॅडने चिमटीत धरणारे दोन पिस्टनचे कॅलिपर, मागे ड्रम. सपाट रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी थांबते, तिथे तक्रार नाही. लांब घाट उतरायला लागलो की मात्र रडगाणं सुरू होतं. काही वळणांनंतर पेडल दगडासारखं कडक, पाय दाबून दाबून दुखतो, आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. खाली पोचल्यावर पुढच्या चाकांतून जळका वास.

भंगारात जुन्या टोयोटा फोर बाय फोर पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर दिसलेत. अंगावर 'एस १२+८' असं ओतीव अक्षरांत आहे. एकाचे पिस्टन हलतात, दुसऱ्याचा एक जाम आहे. हे २४०झेडला थेट बसतात असं ऐकलंय. घेऊ का? आणि मास्टर सिलिंडरही (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) बदलावा लागेल का?

चारही टायर

टायर कुठले आहेत ते आधी सांगा. पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, कमी पडतेय ती टायरची पकड. मग चार पिस्टन लावा नाहीतर चौदा, पहिल्या ब्रेकला गाडी आत्ता थांबते तिथेच थांबणार.

तेलकट पंजा

टायरचं म्हणणं बरोबर, पण यांचं दुखणं वेगळं आहे. 'पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही' हे वाक्य नीट वाचा. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर वाफ झाली असती आणि पेडल मऊ पडून खाली गेलं असतं. इथे पेडल घट्ट आहे, म्हणजे दाब पोचतोय, पण तापलेला पॅड डिस्कला धरत नाहीये. ऑइल जुनं असेल तर बदलाच, ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. पण मूळ आजार पॅडचा आणि उष्णतेचा.

आता थोडा हिशोब. गाडी आणि तुम्ही मिळून साडेअकराशे किलो धरा. ताशी १०० वरून शून्यावर यायला साधारण ४४० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातला पाऊण वाटा पुढचे ब्रेक घेतात. पुढच्या दोन्ही डिस्कचा घासला जाणारा भाग मिळून सहा-साडेसहा किलो बीड भरेल. म्हणजे एका थांबण्यात डिस्क शंभरेक अंशांनी तापते. घाटात ती निवायच्या आत पुढचं वळण हजर! हे सगळं कॅलिपर नाही, डिस्क सोसते. तीच सपाट डिस्क ठेवून नुसते एस १२+८ लावलेत तर पॅड मोठं मिळेल, ते डिस्कवर एकसारखं दाबलं जाईल, पेडलचा अंदाज छान येईल. तापण्याचं गणित मात्र जवळपास तेच राहील.

म्हणून माझं मत: आहेत त्याच कॅलिपरवर जास्त तापमान सोसणारे चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घालून तोच घाट उतरा. आणि खालचा गिअर लावून उतरा, हे सांगायला नको. तरीही वास आला तर सरळ व्हेंटिलेटेड, म्हणजे मधून हवा खेळणाऱ्या जाड डिस्ककडे जा. त्यासाठी पिकअपचेच पण 'एस १२ डब्ल्यू' खुणेचे कॅलिपर लागतात, त्यांच्यातली फट जाड डिस्कसाठी रुंद असते. डिस्क १९८४ च्या निसान ३००झेडएक्सची, आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) व डिस्क यांच्यामध्ये लेथवर कातलेला स्पेसर, म्हणजे अंतर भरणारी चकती. एस १२+८ मध्ये ती जाड डिस्क जाणारच नाही. त्यामुळे आज एस १२+८ घेतलेत तर उद्या परत भंगार धुंडाळत बसाल.

उतारावरचा झेड

पंजा काका, डोळे उघडले. पॅड आधी बदलतो. पण खरं सांगायचं तर कॅलिपरचा मोह सुटत नाहीये. एस १२ डब्ल्यू मिळालेच तर भंगारातला माल बघताना काय तपासू? आणि चार पिस्टनना ऑइल जास्त लागेल, मग मास्टर सिलिंडर?

तेलकट पंजा

मोह सुटू नये, काम मजेचं आहे.

पिस्टनची संख्या विसरा, क्षेत्रफळ मोजा. तुमच्या मूळच्या कॅलिपरला दर बाजूला ५४ मिमीचा एक पिस्टन, म्हणजे २२९० चौरस मिमी. नव्यात दर बाजूला दोन पिस्टन, ते व्हर्नियरने मोजा. समजा ४३ आणि ३४ निघाले, तर बेरीज २३६०. तीन टक्क्यांचा फरक. एवढ्यासाठी मास्टर सिलिंडर बदलायची गरज नाही. बरेच जण ७/८ इंची काढून २८०झेडएक्सचा १५/१६ इंची लावतात. त्याचं क्षेत्रफळ पंधराएक टक्क्यांनी जास्त, त्यामुळे पेडल कमी खाली जातं, पण तेवढंच जड होतं. आवडीचा प्रश्न आहे.

जाम पिस्टनला घाबरू नका, गंजाला घाबरा. रबरी टोपी उचलून पिस्टनच्या कडेवरून नख फिरवा. नख खड्ड्यात अडकलं तर तो पिस्टन बाद, कारण सील नेमकं तिथेच घासणार. मग हवा काढायचा निपल. तो गंजून आतच तुटलेला असतो आणि विकणारा ते सांगत नाही, पाना लावून जागेवरच हलवून बघा. पिस्टन काढायला हवेचा दाब देणार असाल तर मध्ये लाकडी ठोकळा ठेवा आणि बोटं लांब! पिस्टन गोळीसारखा सुटतो. कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट उगाच खोलू नका. सील सगळी नवी घ्या आणि सफाईला पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका, ब्रेकचं रबर त्याने फुगतं.

पत्राकात्री

एक पुस्ती जोडतो. डिस्कमागचा पातळ धूळपत्रा कापावा लागतो, नाहीतर कॅलिपर बसतच नाही. कॅलिपरला जाणारा स्ट्रटवरचा (सस्पेन्शनच्या उभ्या नळीवरचा) लोखंडी पाइपही थोडा वाकवून घ्यावा लागतो. तो वाकवताना चिमटला तर फेकून द्या, तसाच लावू नका. १४ इंची रिम असेल तर बोल्ट कसल्यावर चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. कॅलिपर रिमला लागत नसला तरी रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं त्याला घासतात, आणि ते पहिल्या खड्ड्यात कळतं.

उतारावरचा झेड

डावा-उजवा कसा ओळखायचा? उचकटून फेकलेल्या ढिगात दोन्ही सारखेच दिसतात.

तेलकट पंजा

गाडीवर बसल्यावर हवा काढायचा निपल वरच्या टोकाला आला पाहिजे. बाजू उलटी झाली तरी कॅलिपर बोल्टवर आरामात बसतो, पण निपल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि माणूस बाटल्या संपवून तेलाला दोष देतो.

आणि सगळं बसवून, हवा काढून झाल्यावरही पेडल खोल जात असेल तर मास्टर सिलिंडर शोधायला लगेच पळू नका. हँडब्रेक सोडा, मागचे ड्रम ॲडजस्ट करा. लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमपासून लांब राहिले की पेडलचा अर्धा प्रवास त्यांना ड्रमपर्यंत न्यायलाच जातो. चाक फिरवताना लायनर हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग पेडल परत दाबून बघा आणि इथे कळवा.