मधमाश्यांवरच्या डॉक्युमेंटरीचं परीक्षण कसं लिहावं?

सातारी_प्रेक्षक
मंडळी, मदत हवीय. आम्ही काही जण साताऱ्यात दर महिन्याला एक सिनेमा दाखवतो आणि आधी एक पानी परीक्षण छापून वाटतो. ह्या वेळी 'हनीलँड' लावतोय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. उत्तर मॅसेडोनियातलं उजाड गाव, तिथं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी हातिजे, ती रानातल्या माश्यांचा मध काढून शहरात विकते. लिहायला बसलं की एकतर शाळेतला निबंध होतो, मधमाशी हा उपयुक्त कीटक आहे वगैरे, नाहीतर ऑस्करचंच कौतुक होतं, की २०२० ला डॉक्युमेंटरी आणि परदेशी सिनेमा अशा दोन्ही गटांत नामांकन मिळवणारा हा पहिलाच सिनेमा. सिनेमा फार जीवाला लागलाय ओ, लोकांनी यावं असं मनापासून वाटतंय. सुरुवात कशानं करू? आणि शेवट सांगायचा का?

रीळवेडी
ऑस्कर शेवटी एका ओळीत टाका. सुरुवात पहिल्याच सीननं करा ना, ती कड्याच्या अरुंद कडेनं चालत जाते, खाली खोल दरी, मग कपारीवरचा दगड सरकवते आणि आत पोळीच पोळी, माश्या, आणि तिचे उघडे हात. एवढं नीट उतरवलंत तरी वाचणारा येईल. अजून एक आवर्जून लिहा, ह्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह ह्यांना त्या लोकांची तुर्की बोली येत नव्हती, तीन वर्षं शूटिंग केलं, चारशे तासांच्या आसपास फुटेज झालं आणि संकलन आधी नुसत्या चित्रांवर केलं, कोण काय बोलतंय ते न कळता. म्हणून तर सबटायटल वाचायचं राहिलं तरी मायलेकींचं सगळं कळतं. तुम्हीपण तसंच करा, माहिती कमी द्या, काय दिसतं ते लिहा.

जांभूळमध
मी महाबळेश्वरकडचा, घरात मधपेट्या आहेत. माहिती अगदीच काढू नका दादा, एक गोष्ट सांगावीच लागेल. ती मध काढताना म्हणते ना, अर्धं मला अर्धं तुम्हाला, ते नुसतं चांगुलपणाचं बोलणं नाही. माश्यांनी मध साठवलेला असतो तो फुलोरा नसतानाच्या दिवसांसाठी, तो सगळा ओरबाडला तर उपाशी वसाहत दुसऱ्या पेटीवर तुटून पडते. सिनेमात तेच होतं, शेजारी येऊन राहिलेला हुसेन सगळा मध काढतो आणि त्याच्या माश्या हातिजेच्या माश्या मारतात. आपली सातेरी, म्हणजे इथली देशी माशी, तर खायला उरलं नाही की पेटीच सोडून जाते, सकाळी बघावं तर पेटी रिकामी, फळ्यांवर नुसतं कोरडं मेण. हे ज्याला माहीत नाही त्याला तो सीन दोन शेजाऱ्यांचं भांडण वाटेल. मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं तेही लिहा, आपल्या जिल्ह्यातलं आहे, लोक जोडून घेतील.

कोयनाकाठ
वरच्या दोघांशी सहमत, फक्त हुसेनला खलनायक करू नका, बरीच परीक्षणं तेच करतात आणि मग सिनेमा फार छोटा होऊन जातो. सात पोरं, मरणारी वासरं, वर अजून मध दे म्हणून मागं लागलेला व्यापारी, ह्या माणसानं अर्धं ठेवायचं कुठून? उसाची उचल घेतलेला माणूस आपल्याकडं कमी बघितलाय का आपण. आणि त्याचाच एक पोरगा हातिजेकडं जाऊन बसतो, तिचं बघून शिकतो, बापाला उलट बोलतो, त्या पोरावर दोन ओळी हव्यातच. शेवट सांगू नका. आईचं काय होतं ते तर अजिबातच नाही, तिथं पडद्यावर बघणाऱ्याला एकटं सोडायला पाहिजे.

सातारी_प्रेक्षक
सगळ्यांचे मनापासून आभार. कड्यापासून सुरुवात केलीय, अर्ध्या मधाचं मधोमध घेतलंय, त्या पोराचा परिच्छेद आता लिहितो. जांभूळमध दादा, सिनेमा संपल्यावर तुम्ही येऊन अर्धा तास बोलाल का? तारीख अजून ठरायचीय.

जांभूळमध
येतो की. फक्त एप्रिल-मे सोडून ठेवा, तेव्हा जांभळाचा मध काढायचा असतो, पेट्या सोडून हलता येत नाही.