मदत हवी आहे: विमान तिकिटाच्या पॉइंट्ससाठी कोणतं क्रेडिट कार्ड? (मुंबई ते ॲमस्टरडॅम, सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई)

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण परिस्थिती पूर्ण सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

माझी लेक आणि जावई नेदरलँड्सला आइंडहोव्हनमध्ये असतात. फेब्रुवारीअखेरची तारीख दिली आहे. बाळंतपणाला विहीणबाई जाणार आहेत, आम्ही एप्रिलमध्ये. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखरे, आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. पण पणतवंड बघायचं आणि सोन्याची फुलं अंगावर घ्यायची ती नातीच्या घरी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलंय. पासपोर्टसुद्धा काढून झाला.

आम्ही नाशिकला राहतो. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मिस्टरांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. माझ्याकडे दहा वर्षांपासून एका बँकेचं क्रेडिट कार्ड आहे. त्यावर १८,४०० पॉइंट साठले होते. "कधीतरी मोठं काहीतरी घेऊ" म्हणून हात लावला नाही आणि मागच्या महिन्यात बघते तर शिल्लक शून्य. मुदत संपली होती. बँकेने ईमेल पाठवला होता, तो जाहिरातींच्या ढिगात गेला. ते फार मनाला लागलंय. त्यामुळे या वेळी विचारून, समजून करायचं ठरवलंय.

मी घरखर्च वहीत लिहिते. गेल्या वर्षीचा असा: एलआयसी आणि मेडिक्लेम १,४८,०००. पेट्रोल ७०,०००. लाइटबिल, मोबाइल, गॅस मिळून ६६,०००. सासूबाईंची औषधं ६०,०००. किराणा दीड लाख. कपडे, ऑनलाइन खरेदी, हॉटेल, रेल्वे वगैरे १,१६,०००. एकूण ६,१०,०००. सगळं फुल पेमेंट, व्याज आजवर एकदाही भरलेलं नाही.

आता प्रश्न. बँकेचे स्वतःचे पॉइंट असलेलं कार्ड घ्यावं की एकाच विमान कंपनीशी जोडलेलं? पाच हजार वार्षिक फी असलेलं कार्ड आमच्यासारख्यांना परवडतं का? आणि खरा प्रश्न हा, की पॉइंट्सवर सासूबाईंना बिझनेस क्लासने नेता येईल का? त्यांना नऊ तास पाय दुमडून बसवणं मला बघवणार नाही. वर्कशॉपचा माल याच कार्डावर घेतला तर पॉइंट वाढतील, असं शाखेतला मुलगा म्हणाला, तेही योग्य आहे का?

हिशेबनीस:

ताई, वहीतले आकडे दिलेत त्याबद्दल आभार, त्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे हवेत तीर मारणं. पण सुरुवात कार्डापासून करू नका, तिकिटापासून करा.

मुंबईहून ॲमस्टरडॅमला केएलएम ही डच विमान कंपनी थेट जाते. केएलएम आणि एअर फ्रान्स या दोघींचा माइल्सचा, म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट्सचा, कार्यक्रम एकच, फ्लाइंग ब्लू. तुमची लेक तिथे राहणार असेल तर पुढची काही वर्षं तुम्ही याच मार्गावर जाणार-येणार. म्हणजे तुमच्यासाठी कार्ड चांगलं की वाईट हे एकाच गोष्टीवरून ठरतं: त्याचे पॉइंट फ्लाइंग ब्लूमध्ये कोणत्या दराने जातात. म्हणून बँकेच्या पॉइंट्सवालं, ज्यातून अनेक विमान कंपन्यांकडे पॉइंट वळवता येतात असंच घ्या. उद्या जावयांनी सिंगापूरला नोकरी बदलली तर तेच पॉइंट तिकडच्या कार्यक्रमात वळवता येतील. एका कंपनीच्या कार्डात ती सोय नाही. क्लब विस्ताराचे, म्हणजे विस्तारा विमान कंपनीचे, पॉइंट साठवणारे आम्ही लोक नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यावर एका रात्रीत एअर इंडियाच्या कार्यक्रमात जाऊन बसलो, आमच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता.

आता तुमचा हिशेब. विमा, पेट्रोल, वीज, मोबाइल, गॅस यांवर प्रवासी कार्डं बहुधा पॉइंट देत नाहीत. म्हणजे ६,१०,००० मधले २,८४,००० आधीच बाद. किराणा तुमच्या वाण्याकडे यूपीआयवर असेल, तर त्यातला निम्माच धरू. उरले साधारण अडीच लाख.

माझ्याकडे ॲक्सिस बँकेचं ॲटलस कार्ड २०२४ पासून आहे, म्हणून ते घेतलं तेव्हाच्या दराने मांडतो. तुम्ही जे घ्याल त्याचे आजचे दर त्या जागी घाला. साध्या खर्चावर १०० रुपयांना २ एज माइल्स (या कार्डाचे पॉइंट), विमान कंपनीच्या साइटवरून थेट तिकीट काढलं तर ५, आणि १ एज माइलचे २ फ्लाइंग ब्लू माइल्स. फी ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००.

अडीच लाखांचे ५,००० एज माइल्स. तीन तिकिटं प्रत्येकी ८०,००० ची धरली तर २,४०,०००. इथे एक बारकावा आहे: ५ चा दर महिन्याला २ लाखांपर्यंतच होता. तिन्ही तिकिटं एकाच महिन्यात काढली तर १०,८००, तिसरं तिकीट पुढच्या महिन्यात काढलं तर १२,०००. खर्च ३ लाखांच्या पुढे गेला म्हणून आणखी २,५००. तिसरं तिकीट पुढच्या महिन्यात धरून सगळे मिळून १९,५०० एज माइल्स, म्हणजे ३९,००० फ्लाइंग ब्लू माइल्स. मी स्वतः एक माइल एक रुपया धरून चालतो, त्या हिशेबाने फी वसूल होऊन चांगले उरतात.

पण पुढच्या वर्षी तिकिटं नसतील. तेव्हा अडीच लाखांवर फक्त ५,००० एज माइल्स, म्हणजे १०,००० माइल्स, आणि त्यासाठी ५,९०० फी. ३ लाखांचा टप्पाही हुकतो. म्हणून असं कार्ड प्रवासाच्या वर्षासाठी घ्यावं, माइल्स वळवून घ्यावेत आणि दुसरी फी लागण्याआधी बंद करावं. बंद करायला बँक टाळाटाळ करू लागली तर रिझर्व्ह बँकेचा नियम सांगा: बाकी काही देणं नसेल तर कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

मिस्टरांना ॲड-ऑन कार्ड घ्या, दोघांचा खर्च एकाच खात्यात जमेल. वर्कशॉपचा माल मात्र वैयक्तिक कार्डावर घेऊ नका. धंद्याचा खर्च कार्डाच्या अटींत बसत नाही, बँक पॉइंट काढून घेते, प्रसंगी कार्डही बंद करते. शाखेतल्या मुलाला टार्गेट असतं, नंतर तो कुठे भेटणार?

आणि बिझनेस क्लास. मनापासून सांगतो, एप्रिलसाठी हे जमणार नाही. हे माइल्स तिकिटं काढल्यावर साठतील, त्याआधी नाहीत. फ्लाइंग ब्लूमध्ये ठरलेला तक्ता नाही, एकाच सीटला आज लागतात त्याहून कितीतरी जास्त माइल्स उद्या लागू शकतात, वर कर आणि अधिभार रोख भरावा लागतो. या खेपेची तिकिटं पैशांनीच काढा.

शनिवारपेठ:

मला थोडं वेगळं वाटतं. वर्षाला अडीच लाख पात्र खर्च असलेल्या घराने माइल्सच्या मागे लागू नये. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के रोख परत देणारी, हजाराच्या आत फी असलेली कार्डं आहेत. त्यांना महिन्याची मर्यादा असते, पण पैसे बिलातूनच वजा होतात. मुदत नाही, वळवणं नाही, सीट शोधत बसणं नाही. ताईंचे १८,४०० पॉइंट एकदा गेलेत. ज्याला दर महिन्याला लक्ष घालायला वेळ नाही त्याने रोख परतावाच घ्यावा.

हिशेबनीस:

मुद्दा मान्य, एरवीच्या वर्षांसाठी मीही हेच सांगेन. तिकिटांच्या वर्षी मात्र माइल्स पुढे जातात. एक महत्त्वाचं राहिलं: बँकेतून माइल्स एकदा वळवले की परत येत नाहीत. म्हणून आधी फ्लाइंग ब्लूच्या साइटवर सीट आणि तारीख बघायची, मगच वळवायचे.

डच_पाऊस:

मी उट्रेख्टला राहते, मूळची साताऱ्याची. आजींसाठी दोन गोष्टी लिहिते.

तिकीट काढताना व्हीलचेअर मागून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. उड्डाणाच्या निदान ४८ तास आधी नोंद झालेली असावी. मुंबईत दारापासून विमानापर्यंत आणि स्किपोलला, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर, उतरल्यावर इमिग्रेशन ते सामानापर्यंत माणूस सोबत असतो. स्किपोलला चालणं खरंच खूप आहे, माझ्या आईला पहिल्या खेपेला संकोच वाटला म्हणून तिने व्हीलचेअर नाकारली. गेटपासून बाहेर येईपर्यंत ती तीन वेळा भिंतीला टेकून उभी राहिली. तो चेहरा मी विसरले नाही. आजींना आधीच समजावून ठेवा.

दुसरं, बिझनेस आणि इकॉनॉमी यांच्यामध्ये केएलएमचा प्रीमियम कम्फर्ट नावाचा वर्ग आहे. पाय ठेवायला जास्त जागा, पाठ जास्त मागे जाते. तुमच्या तारखेच्या विमानात असेल तर फक्त आजी आणि सोबतीला एक, असे दोघांसाठी तो बघा. दर तासाला उठून पाच मिनिटं चालवा.

आणि कार्डाबद्दल: परदेशात खर्च केला की बऱ्याच भारतीय कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप (परकी चलनाचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. लाखाला ४,१३० रुपये. पॉइंट्सचा सगळा फायदा तिथे वाहून जातो. शून्य मार्कअपचं एखादं कार्ड फक्त इकडच्या खर्चासाठी वेगळं आणा. मशीनवर "रुपयांत भरायचं की युरोत?" असं विचारलं तर नेहमी युरो दाबा, रुपये दाबलं तर दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो. रेल्वे आणि बसला मात्र तिकीट काढावं लागत नाही, तेच कार्ड चढताना-उतरताना टेकवायचं. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं कार्ड हवं, एका कार्डावर तिघं जाता येत नाही. माझ्या सासऱ्यांची आणि माझी यावरून स्टेशनवर बरीच धावपळ झाली होती.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन मिस्टरांसोबत बसले आणि हिशेबनीस यांचे आकडे एकेक करून पडताळले. मिस्टरांना वर्कशॉपच्या मालाचा मुद्दा लगेच पटला.

ठरलं ते असं. बँकेच्या पॉइंट्सचं कार्ड या वर्षापुरतं घेतेय, अर्जाआधी फ्लाइंग ब्लूचा दर विचारून. शून्य मार्कअपची दोन कार्डं, एक माझं, एक मिस्टरांचं. सासूबाईंसाठी तिकडचं रेल्वेचं कार्ड लेक काढून ठेवतेय. पुढच्या वर्षापासून शनिवारपेठ म्हणतात तसं रोख परताव्याचं. सासूबाई आणि मी प्रीमियम कम्फर्ट, मिस्टर इकॉनॉमी, हे त्यांनीच सुचवलं. मिस्टरांचं तिकीट पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काढू. माइल्स कुठे वापरायचे तेही ठरलं: बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत एकदा लेकीला माहेरी आणायला.

काल तिघांची फ्लाइंग ब्लूची खाती उघडली, म्हणजे तिकिटांचे माइल्स ज्याचे त्याच्या नावावर पडतील. सासूबाईंची जन्मतारीख टाकताना थांबले. घरात आम्ही त्यांचा वाढदिवस कोजागरीला करतो, पासपोर्टवर शाळेत लावलेली १ जून आहे. पासपोर्टवरचीच घातली, नावही पासपोर्टवर आहे तसंच. व्हीलचेअरचं सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हणाल्या. मग डच_पाऊस यांनी लिहिलेलं त्यांच्या आईबद्दलचं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "घे मागून. तिथे पोचल्यावर बाळाला मांडीवर घ्यायला पाय धड पाहिजेत."

एकच शंका उरली आहे. मिस्टरांचं तिकीट वेगळ्या महिन्यात काढलं तर आमच्या दोघींच्या बुकिंगला ते जोडून घेता येतं का? कोणी केलं असेल तर सांगा.