मॅथ्यूजचा बो पैसे वसूल आहे का?
मॅथ्यूज ही अमेरिकन धनुष्य (बो) बनवणारी कंपनी नुसतं नावावर विकते असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. अमेरिकेत मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला धनुष्याने हरणाच्या शिकारीचा सीझन उघडला की मी झाडावर दबा धरून बसतो, तिथे आवाज सगळ्यात महत्त्वाचा, हरीण २० यार्डावर असताना स्ट्रिंग वाजली की ते बाण पोचायच्या आत खाली दबतं आणि नेम चुकतो, आणि हा बो खरंच शांत आहे. ओढायला ७० पाउंड जोर लागणारा बो ८५ टक्के लेट-ऑफवर (पूर्ण ओढल्यावर जोर जितका कमी होतो ते प्रमाण) पूर्ण ओढला की हातात साडेदहा पाउंडच उरतात, मग थांबता येतं. थंडीत मात्र अ‍ॅल्युमिनियम रायझर (बोचा मधला, हातात धरायचा भाग) बोटं गोठवतो, तिथे होयट या दुसऱ्या कंपनीचा कार्बन रायझर बरा. आणि ड्रॉ लेंथ, म्हणजे स्ट्रिंग किती लांब ओढायची ते माप, आधी नीट मोजून घ्या, माझी दुकानात अर्धा इंच जास्त ठेवलेली, स्ट्रिंग सारखी कोपराखाली हातावर सटकायची, हात काळानिळा!