मदत हवी आहे: दोन लिनक्ससाठी होम विभाजन एकच ठेवावे की वेगळे?

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहतो. विंडोज १० च्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, तेव्हा घरातला जुना डेस्कटॉप (८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी) भंगारात न देता मी त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती बसवली आणि ती इतकी सुरळीत चालली की आईही आता तोच संगणक आवडीने वापरते. व्हेंटॉय या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करू देणाऱ्या साधनामुळे एकाच पेनड्राइव्हवर डेबियन, फेडोरा अशा अनेक आयएसओ (इन्स्टॉलरच्या) फाइल ठेवून प्रत्येक डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून पाहता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र रोजच्या कामाचा खरा अंदाज त्यातून येत नाही, म्हणून मिंटशेजारी डेबियनही एक्सएफसीईसह बसवले आणि दोन्हींना एकच होम विभाजन (डिस्कचा वापरकर्त्याच्या फाइल आणि मांडण्या ठेवणारा भाग) दिले.

अडचण तिथेच सुरू झाली. डेबियनमध्ये मी पॅनेल खालून वर नेले, तर मिंटमध्येही ते वर गेले आणि आईने रोज जिथून बुद्धिबळ उघडायचे ती जागाच हरवली. या मांडण्या होममधील लपलेल्या .config फोल्डरमध्ये राहतात, हे आता समजले आहे.

तेव्हा प्रत्येक डिस्ट्रोचे होम स्वतंत्र ठेवून फक्त छायाचित्रे आणि कागदपत्रे तिसऱ्या सामाईक विभाजनावर ठेवणे योग्य ठरेल का? तसे केल्यास रूटला (प्रणाली आणि प्रोग्रॅम ठेवणाऱ्या विभाजनाला) प्रत्येकी ४० जीबी पुरतील का, विशेषतः फ्लॅटपॅक (सर्व डिस्ट्रोंवर चालणारी, पण जास्त जागा घेणारी अॅप) वापरताना? शिवाय ग्रब (बूट मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) २.०६ पासून डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधून मेनूत घालणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो, म्हणून बूट मेनू कोणत्या डिस्ट्रोकडे सोपवावा, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.