'बेतलेला', 'आधारित' की आणखी काही? (जुन्या वेस्टर्न मालिकांवरून अडलेलं एक क्रियापद)

कोरा कागद:
एका दिवाळी अंकासाठी जुन्या अमेरिकन 'वेस्टर्न', म्हणजे काऊबॉयच्या टीव्ही मालिकांवर लेख लिहितोय. सगळं झालं, एका वाक्यावर अडलोय.

वाक्य असं: "१९५५ साली सुरू झालेल्या 'शायेन' मालिकेचा 'द आर्गोनॉट्स' हा भाग जॉन ह्यूस्टनच्या 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' (१९४८) या चित्रपटावर बेतलेला आहे." संपादकांनी 'बेतलेला'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "बेततं ते जिवावर. चित्रपटावर 'आधारित' असतं."

मी मुकाट्यानं 'आधारित' करणार होतो. पण इथे आधार कसला? चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचा, मालिकाही त्यांचीच. त्यांनी आपलीच गोष्ट बाहेर काढली, चित्रपटाचा नायक हम्फ्री बोगार्ट आणि मंडळी काढून नवी घातली, सोनं शोधणाऱ्यांच्या टोळीत मालिकेचा सहा फूट सहा इंचांचा नायक क्लिंट वॉकर नेऊन बसवला आणि सात वर्षांनी टीव्हीवर लावली. हे एकदाच नाही, त्या स्टुडिओचा शिरस्ताच होता. त्यांच्या 'शुगरफूट' मालिकेचा पहिला भाग (१९५७) त्यांच्याच 'द बॉय फ्रॉम ओक्लाहोमा' (१९५४) या चित्रपटातून आला. याला मराठीत नेमकं काय म्हणू? रविवारपर्यंत मुदत आहे.

जुनी वही:
संपादकांचं बरोबर आहे. 'अमक्यावर बेतलेला' ही अलीकडची वर्तमानपत्री खोड. आम्ही शाळेत असताना असं लिहिलं असतं तर गुरुजींनी कान पिळला असता. 'बेत' म्हणजे योजना, आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे. आपल्याकडे या गोष्टीला चांगला रुळलेला शब्द आहे, रूपांतर. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तो १८९० साली. तेव्हा कुणाचं क्रियापद अडलं नव्हतं.

आणि 'वेस्टर्न' कशाला? 'गुराखीपट' म्हणा की.

टवाळ:
गुराखीपट!! डोळ्यांसमोर हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि कमरेला पिस्तूल आलं.

शिंपीआळी:
वहीकाका, माफ करा, पण 'बेतणे' आधी शिंप्याचं, मग वर्तमानपत्राचं. माझे वडील बार्शीला शिवणकाम करायचे. माप घेतलं, कापड पाटावर पसरलं, खडूनं आखलं, कात्री चालवली, या सगळ्याला मिळून 'बेतणे'. "दोन शर्ट बेतून ठेवलेत, शिवायचे राहिलेत" हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलंय. एखादी गोष्ट कशावरून तरी 'बेतली' म्हणजे तिच्या मापानं कापली. उपमा चोख आहे, खोड कसली?

हिंदीत 'ब्योंतना' आहे, कापड मापानं कापणे, आणि 'ब्योंत' म्हणजे तजवीज, योजना. दोन्ही अर्थ तिथेही एकाच ठिकाणी. तेव्हा तुमचा अरबी बेत मला पटत नाही.

जुनी वही:
हिंदीशी साम्य दिसलं की व्युत्पत्ती झाली, असं नसतं. आणि 'जिवावर बेतलं' त्यात कसं बसवणार?

शिंपीआळी:
माझा अंदाज सांगतो, पुरावा नाही. कपडा अंगावर असताना कात्री लावली तर पुढे काय होईल?

टवाळ:
या धाग्याचं तेच होणार आहे.

न्यूजर्सीकर:
शब्द नंतर, आधी थोडं त्या कारखान्याबद्दल. इथे शनिवारी दुपारी या मालिकांचे जुने भाग लागतात. सासरे आणि मी दोघंच बघतो, बाकी घर वरच्या मजल्यावर पळतं.

वॉर्नरचा सगळा खटाटोप हक्काच्या पैशांवरून होता. 'मॅव्हरिक' ही त्यांची पत्तेबाज जुगाऱ्यांची मालिका घडवली रॉय हगिन्सनं. पण १९५७ साली पहिला म्हणून दाखवलेला भाग मुद्दाम स्टुडिओच्या मालकीच्या एका पुस्तकावरून काढलेला निवडला. म्हणजे मालिका 'आधीच्या साहित्यावर आधारित' ठरली, आणि निर्माता म्हणून हगिन्सला द्यायचं मानधन वाचलं. तुमचे संपादक ज्या शब्दासाठी भांडतायत त्या एका शब्दानं एका माणसाचे पैसे गेले.

मग १९६० साली पटकथालेखकांनी संप केला. वॉर्नरनं जुन्या पटकथा काढल्या, नावं-गावं बदलली. गुप्तहेराची गोष्ट घोड्यावर बसवली, घोड्यावरची मोटारीत. लेखकाच्या जागी नाव टाकलं 'डब्ल्यू. हर्मानोस'. बरीच वर्षं मला वाटायचं की हा कुणी मेक्सिकन लेखक असेल, आणि केवढा कामाचा माणूस!

पणजीची पोर:
हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये भाऊ, अनेकवचनी! म्हणजे वॉर्नर ब्रदर्सच. आमच्याकडे जुन्या पोर्तुगीज पाट्यांवर असंच 'इर्मांव्श' दिसायचं, आजोबा त्याचा अर्थ "फलाणे आणि बंधू" असा सांगायचे. तुमच्या लेखात ते 'वॉ. बंधू' असं लिहा. सराफाच्या दुकानासारखं वाटेल, पण गंमत पोचेल.

कोरा कागद:
'वॉ. बंधू' उचलला! 😀 पण माझं क्रियापद?

न्यूजर्सीकर:
एक राहिलंच. त्याच संपाच्या काळात 'मॅव्हरिक'चा नायक जेम्स गार्नर याला वॉर्नरनं "पटकथाच नाहीत" म्हणून बिनपगारी घरी बसवलं. तो कोर्टात गेला आणि जिंकला. इकडे पटकथा नाहीत, तिकडे वॉ. बंधू रात्रंदिवस लिहितायत.

शिंपीआळी:
हे वाचून शब्द सापडला. उलटवणे.

लोकरीचा कोट बाहेरून विटला की वडील तो सगळा उसवायचे, आतली बाजू बाहेर काढायचे आणि परत शिवायचे. कापड तेच, गिऱ्हाईक तेच, शिवणारा तोच. लांबून कोट नवाकोरा. फक्त जाणकाराला एक खूण कळायची. छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेलेला असायचा, तो काही लपवता येत नाही. 'डब्ल्यू. हर्मानोस' हा मला तो उजवीकडचा खिसा वाटतो.

'बेतलेला' नव्या कापडासाठी ठेवा. हे 'उलटवलेलं' आहे.

कोरा कागद:
वा. पण "सिएरा माद्रेवरून उलटवलेला भाग" असं छापलं तर वाचक म्हणतील ट्रक उलटला.

मेथीदाणा:
मुंबईत याला सरळ 'आल्टर' म्हणतात. बाबांची पँट आल्टर करून माझी हाफपँट. टीव्ही म्हणजे सिनेमाची हाफपँटच. दोन-अडीच तासांचं कापड पाऊण-एक तासात बसवायचं.

जुनी वही:
'आल्टर' मराठी झाला का आता? अरेरे.

मेथीदाणा:
काका, 'पँट' चालली आणि 'आल्टर' नाही?

न्यूजर्सीकर:
दृश्यंसुद्धा उलटवायचे. जनावरांची चेंगराचेंगरी, अमेरिकन इंडियनांचा हल्ला, हे जुन्या चित्रपटांतून तसंच कापून मालिकेत जोडायचे. आणि हे फक्त वॉर्नरचं नाही. जॉन फोर्डनं १९६० साली 'वॅगन ट्रेन' मालिकेचा एक भाग दिग्दर्शित केला, तेव्हा आपल्याच 'वॅगन मास्टर' (१९५०) चित्रपटातली दृश्यं वापरली. त्याच्याबाबतीत मला राग येत नाही, का ते कळत नाही. बहुधा आजीनं आपल्याच साडीची गोधडी केल्यासारखं वाटत असावं.

जुनी वही:
म्हणूनच म्हणतो, रूपांतर ही निराळी आणि मानाची गोष्ट आहे. देवलांचं 'संशयकल्लोळ' मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीचं फ्रेंच नाटककार मोलिएरवरून. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका शंभर टक्के आपले. तसं काही या गोऱ्या गुराख्यांत आहे का?

न्यूजर्सीकर:
आहे! 'मॅव्हरिक'चा १९५९ सालचा 'द रायव्हल्स' हा भाग शेरिडनच्या १७७५ सालच्या त्याच नावाच्या नाटकावरून घेतलाय. पाहुणा कलाकार रॉजर मूर. अठराव्या शतकातलं इंग्रजी विनोदी नाटक पत्तेबाज जुगाऱ्यांच्या मालिकेत, आणि मस्त जमलंय. ते नक्कीच रूपांतर. म्हणजे एकाच मालिकेला दोन शब्द लागतात, भाग बघून.

पणजीची पोर:
आणि 'सिएरा माद्रे'ची गोष्ट तरी कुणाची? सोन्यापायी एकमेकांच्या जिवावर उठलेले सोबती जुना इंग्रज कवी चॉसर याच्या 'पार्डनर्स टेल'मध्ये आहेत, आणि त्याच्याही कितीतरी आधी वेदब्भ जातक या बौद्ध कथेत. शेवटी दोन चोर उरतात. एक भात आणायला जातो आणि त्यात विष कालवतो. दुसरा तो येताच तलवारीनं त्याला मारतो आणि भात खाऊन स्वतःही मरतो.

टवाळ:
म्हणजे क्लिंट वॉकर आपलाच! अभिमान वाटला. मूळ हक्काचं मानधन कुठे मागायचं?

पणजीची पोर:
तसं म्हणत नाहीये हो. गोष्टीची जात एक आहे, एवढंच. चित्रपटात विष नाही, शेवटी सोन्याची भुकटी वाऱ्यानं उडून जाते.

शिंपीआळी:
जिवावर बेतणे आणि मापानं बेतणे, दोन्ही अर्थ एका भागात. संपादकांना सांगा.

गाडीवान:
उशिरा आलो. काऊबॉयला 'गुराखी' नका म्हणू, वहीकाका. गावची चार गुरं चारणारा तो गुराखी. हजारो जनावरांचा कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्याला आमच्या माणदेशी शब्द आहे, खिल्लारी. खिल्लार म्हणजे गुरांचा मोठा कळप, त्यावरूनच बैलाच्या जातीचं नाव पडलं. तेव्हा 'खिल्लारपट'.

जुनी वही:
हा मात्र सुंदर शब्द आहे. मी माघार घेतो.

मेथीदाणा:
खिल्लारपट म्हटलं की लोक बैलगाडा शर्यतीचा सिनेमा समजून येतील.

गाडीवान:
आले तर येऊ देत, तिकीट काढूनच येतील ना. आणि खिल्लार पांढरंच असतं असं नाही हां. काजळी खिल्लार बघितलंय का कुणी?

शिंपीआळी:
आटपाडीच्या बाजारात बघितलंय. काजळी छटा, शिंगं मागे वळलेली.

मेथीदाणा:
फोटो टाका ना.

कोरा कागद:
लेख रात्री पाठवला. 'उलटवलेला' घातलं होतं, सोबत शिंपीआळींच्या वडिलांच्या कोटाचं एक वाक्य जोडून. आत्ता संपादकांचा निरोप आला. 'उलटवलेला' खोडून त्यांनी 'प्रेरित' केलंय. 'वॉ. बंधू' मात्र ठेवलंय, फक्त त्यांना वाटलं की ते लेखकाचं खरं नाव आहे, आणि पुढे 'यांची' लावलंय.

गाडीवान:
अभिनंदन. मेथीदाणा, फोटो संध्याकाळी टाकतो, बैल आत्ता रानात आहे.