मानेतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर बीपी वर-खाली, झोपेत ऑक्सिजन कमी

प्रश्न (अमळनेर): वडील, वय 58. दोन्ही बाजूंना कॅरोटिड बॉडी ट्यूमर होते (मानेतली मोठी रक्तवाहिनी दुभंगते तिथल्या ‘कॅरोटिड बॉडी’ या बारीक अवयवाच्या गाठी). उजवी गाठ मागच्या वर्षी काढली, डावी 9 दिवसांपूर्वी. आता बीपी सकाळी 190/110, तर दुपारी उभे राहिले की 90/60. झोपेत ऑक्सिजन 88 टक्के दाखवतो. आवाज बसलाय, पाण्याने ठसका लागतो. बीपी चढला की जादा गोळी द्यायची का?

उत्तर 1 (भूलतज्ज्ञ, जळगाव): मनाने नको, भाऊ. मानेतली मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथल्या नसा बीपीची खबर मेंदूला देतात. दोन्हीकडच्या दुखावल्या की लगाम सुटतो. दुखलं, रागावले, की बीपी उसळतो. शांत पडले की आपसूक उतरतो. चढावर दिलेली गोळी उतारावर लागू पडते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. 5 मिनिटं पडून, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा, रोज तीन वेळा. नाडी आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहा. त्यावरून डॉक्टर औषध ठरवतील, बऱ्याचदा क्लोनिडिन (बीपी उतरवणारी गोळी). ते सुरू झालं तर एकदम बंद करू नका, बीपी भडकतो. लघवीतलं मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिन मोडून होणारं द्रव्य) तपासलं होतं का, तेही विचारा; काही गाठी ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडतात. चढलेल्या बीपीसोबत डोकं फुटल्यासारखं दुखलं, नजर धूसर झाली, हातपाय लुळे पडले किंवा छातीत दुखलं, तर थेट दवाखाना.

उत्तर 2 (आयसीयू सिस्टर, धुळे): मला जास्त काळजी 88 ची वाटते. रक्तातला ऑक्सिजन घटला हे ओळखणारी कॅरोटिड बॉडीच दोन्हीकडून गेली आहे, म्हणून दम लागल्याची जाणीवच होत नाही. “त्रास काही नाही” म्हणाले तरी आजच दाखवा. झोपेची गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, दारू पूर्ण बंद. उशाकडची बाजू उंच ठेवा.

बसलेला आवाज आणि ठसका ही व्हेगस नस (आवाज आणि गिळणं सांभाळणारी) दुखावल्याची खूण. कान-नाक-घसावाल्यांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. तोवर पातळ पाणी, चहा, कढी नको. छातीत उतरलं तर न्यूमोनिया होतो, ऑक्सिजन आणखी घसरतो. मऊ खिचडी, घट्ट वरण द्या, ताठ बसवून, छोटे घास.

उत्तर 3: सिस्टरचं बरोबर, पण आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडलं तर उभं राहिल्यावर बीपी अजून खाली जाईल. पाणी घट्ट करायची पावडर मेडिकलवर मिळते. किती घालायची ते गिळण्याची तपासणी करणाऱ्यांना विचारा. मान टणक फुगली, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, लाळ गिळता येईना, तर 108. बसवूनच न्या, आडवं करू नका.